क्यासनूरची मेलेली वानरे : माकडतापाच्या शोधाची कहाणी

१९५७ सालचा मार्च महिना. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर-सोरब परिसरातील क्यासनूरच्या रानात वानरे मरून पडू लागली. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे, दोन्ही. त्याच सुमारास रानालगतच्या खेड्यांत माणसेही तापाने अंथरुणाला खिळत होती. प्रारंभी हा विषमज्वर असावा असे समजले गेले. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र या रोगाचे नाव ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार, असे रुळले.

ही वार्ता पुण्याला पोहोचली आणि तेथे खळबळ उडाली. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर उभारले होते. आज हीच संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या मनात पहिला संशय आला तो पीतज्वराचा. ट्रॅपिडो यांनी पनामात पीतज्वरावर काम केले होते. मध्य अमेरिकेच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली की मागोमाग पीतज्वर येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या संशयामागची भीती समजून घेतली पाहिजे. आशिया खंडात पीतज्वराने कधीही पाय रोवलेला नाही. परंतु तो पसरविणारा एडिस इजिप्ती डास भारताच्या शहराशहरांत होता आणि या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती येथील जनतेत नव्हती. क्यासनूरची वानरे खरोखर पीतज्वराने मेली असती, तर विसाव्या शतकातील भारताचा इतिहास निराळा लिहावा लागला असता.

तसे झाले नाही. मेलेल्या वानरांच्या अवयवांचा अर्क आणि रुग्णांचे रक्त उंदरांच्या नवजात पिलांना टोचण्यात आले. त्या काळी विषाणू वेगळा काढण्याची हीच भरवशाची रीत होती. हाती आलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते जुळले ते हजारो मैल दूरच्या ‘रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वरा’शी. हा रोग गोचिडीमुळे होतो. १९३७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव झिल्बर यांच्या मोहिमेने अतिपूर्वेच्या तैगा अरण्यात त्याचा छडा लावला होता. (मोहिमेवरून परतल्यावर त्याच वर्षी झिल्बर यांना स्तालिनच्या राजवटीने अटक केली. त्यांचे सहकारी मिखाईल चुमाकोव यांना संशोधन करतानाच लागण झाली. त्यांची श्रवणशक्ती आणि एका हाताची शक्ती कायमची गेली.)

सायबेरियाचा विषाणू सह्याद्रीच्या पायथ्याशी कसा आला? एक तर्क पुढे आला : हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून. याच तर्काच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेचे अर्थसाहाय्य मिळाले आणि १९५९पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्षी-स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. भारतातील पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम एका तापामुळे मार्गी लागले, ही गोष्ट आज फारशी कोणाला आठवत नाही. पुढे या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आला. १९७४ साली वृत्तपत्रांनी जैविक युद्धाच्या तयारीचा संशय व्यक्त केला आणि १९७५मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहभागाच्या अशा प्रकल्पांवर कडक ताशेरे ओढले. शीतयुद्धाच्या वातावरणात हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. मूळ तर्क मात्र सिद्ध झाला नाही.

उत्तर रानाच्या जमिनीवरच होते. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही येथील गोचीड पावसाळ्यानंतर पाल्यापाचोळ्यात वाढते. तिची बाल्यावस्थेतील अर्भके टाचणीच्या टोकाएवढी असतात. तीच माणसाला चावतात, आणि बहुधा चावल्याचे कळतही नाही. वानराच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. वानर मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा घातक बनते. पूर्ण वाढलेली गोचीड रानात चरणाऱ्या गुरांवर पोसली जाते. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. वानर स्वतःच बळी असताना ‘माकडताप’ या नावाने सारा दोष त्याच्या माथी आला, हा एक अन्यायच म्हणायचा.

रोग्याची अवस्था बिकट असते. एकाएकी भडकलेला ताप, कपाळ फुटेल अशी वेदना, पाठ व पोटऱ्या पिळवटून टाकणारे दुखणे, लाल झालेले डोळे. कित्येकांना नाकातून व हिरड्यांतून रक्तस्राव. काहींना बरे वाटू लागते आणि एक-दोन आठवड्यांनी ताप परततो. या वेळी थरथर व भ्रम घेऊन. दर शंभर रुग्णांमागे साधारण ३ ते ५ दगावतात. विषमज्वर, हिवताप, डेंग्यू यांच्याशी लक्षणांचे साम्य असल्याने केवळ नाडी पाहून निदान होत नाही. म्हणून दीर्घकाळ ‘आसपास वानर मेले आहे का?’ हा प्रश्नच खेड्यातील डॉक्टरांचा सर्वांत उपयुक्त पुरावा होता. विषाणूचा अंश काही तासांत दाखविणारी आरटी-पीसीआर चाचणी पुण्याच्या संस्थेने या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रचारात आणली.

उपचारांची बाजू लंगडीच राहिली. अमेरिकेत गाजलेला लाइम रोगही गोचिडीचाच, पण त्याचे कारण जिवाणू असल्याने तेथे प्रतिजैविके लागू पडतात. क्यासनूरच्या विषाणूवर खास औषध नाही. शरीरातील पाणी टिकविणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, गरज पडल्यास रक्त देणे, एवढेच हाती उरते. ॲस्पिरिन टाळावी लागते, कारण तिने रक्तस्राव वाढतो. आरंभी रशियन मेंदूज्वराची लस शिमोग्यात टोचून पाहिली गेली, पण ती निष्प्रभ ठरली. पुढे कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवलेल्या मृत विषाणूची देशी लस तयार झाली आणि कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली गेली. तिचेही संरक्षण अपुरे निघाले; २०२२च्या सुमारास ते लसीकरण थांबले.

क्यासनूर शोधमोहिमेतील कोलंबियन वैद्य होर्हे बोशेल यांनी १९६९मध्येच सांगितले होते की, वाढती वस्ती, रानात शिरलेली गुरे आणि तोडलेले जंगल यांमुळेच जुना, झोपलेला विषाणू माणसापर्यंत आला. १९८२-८३मध्ये दक्षिण कन्नडातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी रान साफ केले गेले. त्यामागून आलेल्या साथीत १,५०० हून अधिक लोक आजारी पडले.

काजूने पुढेही या रोगाची पाठ सोडली नाही. २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि जानेवारी २०१६मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात माकडताप उघड झाला. २०१६च्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातून सत्तरीत काजूच्या कामाला गेलेले मजूर ताप घेऊन घरी परतले. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या अर्भकांचा हंगाम एकच, फेब्रुवारी ते मे. खाली पडलेली बोंडे गोळा करायची तर पाचोळा हाताने बाजूला सारावा लागतो, आणि अर्भके बसलेली असतात ती त्याच पाचोळ्यात.