पाण्यातल्यांचा जलोदर

जलोदर हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो हरिश्चंद्राच्या गोष्टीत. सत्यवादी हरिश्चंद्र, तारामती, डोंबाघरचं पाणी वगैरे आपल्याला पाठ असतं. पण ऐतरेय ब्राह्मणातला हरिश्चंद्र जरा निराळाच आहे. हा वरुणाला मुलगा मागतो, तोच मुलगा यज्ञात तुला देईन असं कबूल करतो आणि मुलगा झाल्यावर मात्र टाळाटाळ सुरू करतो. आधी दात येऊ देत, मग ते पडू देत, मग पुन्हा येऊ देत.. सरकारी कचेरीत शोभेल अशी कारणं. शेवटी मुलगा रानात पळतो, वरुण चिडतो आणि हरिश्चंद्राचं पोट फुगतं. पाण्याच्या देवानं दिलेली पाण्याची शिक्षा. पुढे शुनःशेपाची गोष्ट येते, ती पुन्हा कधीतरी.

गोष्टीतला रोगी राजा होता म्हणून कारण चटकन सापडलं: वरुण. बाकीच्यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. पोटात, पायात पाणी साचणं ही गोष्ट जगभरच्या वैद्यांना हजारो वर्षं माहीत होती, इंग्रजीत तिला ड्रॉप्सी म्हणत आणि तो एक स्वतंत्र रोग समजला जाई. १७८५ साली विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने डिजिटॅलिसच्या पानांवर पुस्तक लिहिलं. एका म्हातारीच्या घरगुती काढ्यावरून त्याला ही वनस्पती सापडली होती. त्या पानांनी काही रोग्यांचं पाणी झरझर उतरे, काहींचं अजिबात नाही. का, ते पुढे उलगडत गेलं: औषध हृदयावर काम करत होतं, आणि सगळ्यांचं दुखणं हृदयाचं नव्हतं. मग १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातल्या रिचर्ड ब्राइटने सुजलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. त्यांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं खराब निघाली. एका शब्दाचे असे तुकडे होत गेले: हृदयाचा, मूत्रपिंडाचा, यकृताचा. आज कुठलाही डॉक्टर 'जलोदर झालाय' एवढंच सांगून थांबत नाही, कशाने झालाय ते शोधतो.

माणसांच्या बाबतीत मोडलेला हा शब्द माशांच्या बाबतीत मात्र अजून अखंड आहे. हे माझ्या लक्षात आलं ते भाचीमुळे. तिच्या टाकीत सहा कॉरी आहेत. (होत्या, म्हणायला हवं.) कॉरी म्हणजे कॉरिडोरास, आपल्या शिंगाळ्याच्या आणि मागूरच्या फार लांबच्या नात्यातला, बोटाच्या दोन पेरांएवढा मिशाळ मासा. तळाशी वाळूत तोंड खुपसत फिरतो, आणि डोळा असा फिरवतो की डोळा मारल्यासारखा वाटतो. त्यातल्या एकीचं पोट फुगलं. भाचीने फोटो पाठवला आणि फोन केला, "मामा, हिला काय झालंय?" दुकानदाराने तिला सांगितलं होतं, ड्रॉप्सी. आणि एक पिवळी पूड दिली होती. मी म्हटलं, म्हणजे पोटात पाणी झालंय. ती म्हणाली, "पण ती तर पाण्यातच राहते ना?"

प्रश्न चोख आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं. मासा ते मूत्रपिंडाने सतत बाहेर टाकतो. भोक पडलेल्या होडीत बसून जन्मभर पाणी उपसणाऱ्या माणसासारखं आहे हे. उपसणारा थकला की होडी भरते. तो का थकला ते मात्र भरलेल्या होडीकडे बघून कळत नाही.

माशांच्या जलोदराचे तुकडे कुणी केलेच नाहीत असं नाही. कार्पच्या बाबतीत केले. मध्य युरोपात, विशेषतः बोहेमिया, पोलंड, जर्मनी या भागात कार्प हा तळ्यात पाळायचा मासा, आणि नाताळच्या आदल्या रात्री ताटात कार्प हवाच. तळीच्या तळी पोट फुगून मरायला लागली की तो कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईचा प्रश्न असे. त्यामुळे तिथे अभ्यास झाला. म्युनिकच्या ब्रुनो होफरने १९०४ साली माशांच्या रोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. माशांच्या वैद्यकाची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. पुढे जर्मनीतल्याच शेपरक्लाउसने १९३० च्या सुमारास कार्पच्या जलोदराचा दोष एका जीवाणूवर ठेवला आणि चाळीसेक वर्षं तो तिथेच राहिला. मग १९७१ मध्ये युगोस्लाव्हियात निकोला फियान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आजारी कार्पमधून एक विषाणू वेगळा काढला. इतकी वर्षं ज्याला एक रोग म्हणत होते ते निदान दोन होते: वसंतात येणारा विषाणूचा आजार, आणि कातडीवर व्रण करणारा जीवाणूचा. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत. म्हणजे मधल्या काळात कित्येक तळ्यांत औषध ओतलं गेलं ते भलत्याच आजारावर.

कॉरी कुणी खात नाही. टाकीतल्या माशासाठी कोण प्रयोगशाळा काढणार? पण तिचा स्वतःचा इतिहास काही कमी प्रतिष्ठित नाही. भाचीकडची जात, ठिपक्यांची, दक्षिण अमेरिकेत खुद्द डार्विनने बीगलच्या सफरीत गोळा केली होती. तिचं वर्णन १८४२ मध्ये लिहिलं लेनर्ड जेनिन्स या पाद्र्याने. (बीगलवरची जागा डार्विनच्या आधी याच जेनिन्सला देऊ केली होती. गावातलं चर्च सोडवेना म्हणून त्याने नाही म्हटलं. आणि मग दुसऱ्याने आणलेले मासे मोजत बसला! मला या माणसाबद्दल उगाच जिव्हाळा वाटतो.) १८७८ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए याने या माशांची पिल्लं काढली. म्हणजे शोभेच्या टाकीतल्या अगदी जुन्या रहिवाशांपैकी हा एक. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुळाची फोड केली आणि तिचं आडनाव कॉरिडोरासचं होप्लिसोमा झालं. दुकानात अर्थातच कुणी तसं म्हणत नाही.

आता तिच्या पोटाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. जलोदराची खूण म्हणून सगळीकडे सांगतात, खवले उभे राहतात, मासा पाइनच्या फळासारखा दिसतो. हे गोल्डफिशचं वर्णन. कॉरीला खवलेच नसतात, दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. ते उभं राहणार कसं? सूज दिसते ती फक्त खालच्या मऊ कातडीवर, आणि मासा तर पोट वाळूला टेकवून बसलेला. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय अंड्यांवर आलेली मादीही अशीच गोल दिसते. त्यामुळे आनंदाची बातमी आणि वाईट बातमी वरून सारखीच.

आणि दुसरं. कॉरी आतड्याने श्वास घेते. मधूनच ती बाणासारखी वर येते, हवेचा घोट गिळते आणि पुन्हा तळाला. ती हवा आतड्याच्या मागच्या, पातळ भिंतीच्या भागात जाते, तिथल्या रक्तवाहिन्या प्राणवायू शोषून घेतात, उरलेली हवा मागून बाहेर. असा प्रकार असतो हे प्रथम १८०८ मध्ये बर्लिनच्या पाउल एरमानने युरोपातल्या चिखलात राहणाऱ्या लोच माशाबद्दल लिहिलं, आणि १८७७ मध्ये जोबेर या फ्रेंच संशोधकाने ब्राझीलमध्ये कॉरीच्याच कुळातल्या माशांत तो पाहिला. तीच हवा पाण्यात तोल सांभाळायलाही कामी येते. म्हणजे या माशाचं आतडं एकाच वेळी पोट, फुप्फुस आणि फुगा आहे. तिथे दाह झाला, अडथळा आला, तर अपचन एवढ्यावर भागत नसावं. आपल्याकडे 'पोटात वारा धरलाय' म्हणतात. तो हिच्या बाबतीत रोजचा श्वास आहे.

औषधांची कथा याहून वेगळी, ती सगळी उसनी. मासे पाळणारे पोटफुगीवर आधी सुचवतात ते एप्सम सॉल्ट, आपल्या जुन्या माणसांचं विलायती मीठ. १६१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या एप्सम गावी एका गुराख्याची तहानलेली गुरं एका डबक्याचं पाणी पिईनात, पाणी कडू लागत होतं, अशी त्याची दंतकथा सांगतात. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू याने त्या कडू क्षारावर पुस्तक लिहिलं, १६९८ मध्ये राजाकडून पेटंट मिळवलं. त्याआधीच मोल्ट नावाच्या प्रतिस्पर्ध्याने स्वस्तात तोच क्षार विकायला काढला होता, आणि वर ग्रूच्याच लॅटिन पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर त्याला न विचारता छापलं होतं. चोराचा हा आत्मविश्वास मला फार आवडतो.

दुसरं औषध मेट्रोनिडॅझोल, म्हणजे तुमच्याआमच्या घरच्या औषधाच्या डब्यातली फ्लॅजिलची गोळी. जपानमध्ये १९५३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून अ‍ॅझोमायसिन निघालं, त्यावरून फ्रान्समध्ये रोन-पुलांक कंपनीने हे बनवलं. १९५९ पासून ते एकपेशीय परजीवींवर वापरात आलं. १९६२ मध्ये एका दंतवैद्याने कळवलं की दुसऱ्याच तक्रारीसाठी हे घेणाऱ्या बाईंच्या सडक्या हिरड्याही बऱ्या झाल्या. तेव्हा कळलं की प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणूही याने मरतात. माशांच्या आतड्यात हे दोन्ही प्रकारचे पाहुणे असतात, म्हणून ते टाकीपर्यंत पोचलं. पण ते नुसतं पाण्यात टाकण्यापेक्षा खाण्यातून दिलेलं बरं, आणि आजारी मासा आधी खाणंच सोडतो.

भाचीच्या कॉरीनेही सोडलं होतं. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं, ती बाजूला ठेवली. मासा वेगळ्या टबात, दर वीस लिटरला चहाचा एक चमचा विलायती मीठ, रोज थोडं पाणी बदलायचं, हवेचा पंप. एवढंच केलं. दोन दिवस ती वर येऊन हवा घेत होती, तिसऱ्या दिवशी अर्ध्यातूनच परतायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी गेली. भाचीने विचारलं, नक्की काय झालं होतं? मी म्हटलं, पोटात पाणी. तिला ते उत्तर वाटलं नाही, मलाही नाही. मूत्रपिंड, यकृत, आतडं, परजीवी, जीवाणू.. आत बघितल्याशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. हे तिला सांगितलं. मग ती कुंडीत पुरण्याआधी आत बघायचं का असं तिनेच विचारलं. अकरा वर्षांची आहे. ताईने दोघांनाही स्वयंपाकघरातून हाकललं.

राहिलेल्या पाच जणी ठीक आहेत. टाकीचं पाणी तपासलं तेव्हा नायट्रेट बरंच जास्त निघालं, ते आता दर रविवारी पाणी बदलून उतरतंय. आणि हो, मेट्रोनिडॅझोलबद्दल एक राहिलं. खायच्या माशांना ते द्यायला भारतात बंदी आहे, युरोपात १९९८ पासून कुठल्याही खाद्य जनावराला देता येत नाही, कारण त्याचा अंश माणसाच्या पोटात जाऊ नये. शोभेच्या माशांना ही बंदी लागत नाही, कारण त्यांना कुणी खात नाही. ज्या कारणाने कॉरीच्या जलोदराचे तुकडे कुणी केले नाहीत, त्याच कारणाने तिला फ्लॅजिल मिळतं.