एका सेंटाचा दंड

इ. स. १८४१ च्या ऑगस्ट महिन्यांतील एका सकाळीं अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या पोलीस कोर्टांत शेजारच्या कोठडीचा दरवाजा उघडला आणि शिपायाच्या मागोमाग फाटक्या वस्त्रांतला, कळाहीन चेहऱ्याचा एक इसम येऊन आरोपींच्या बांकावर बसला. अट्टल दारुडा असणें एवढाच त्याचा गुन्हा. असल्या गुन्ह्याची शिक्षा ठरलेली असे. ती म्हणजे सुधारगृह या नांवाच्या तुरुंगांत रवानगी. तेथून माणूस सुटे, गुत्त्याची वाट धरी आणि थोड्याच दिवसांत पुन्हां त्याच बांकावर येऊन बसे. त्या दिवशीं मात्र कोर्टांत हजर असलेला जॉन ऑगस्टस नांवाचा बूट तयार करणारा एक कारागीर उठला. आरोपीशीं तो दोन शब्द बोलला आणि न्यायाधीशांच्या परवानगीनें स्वतः जामीन राहून त्यानें त्याला सोडविलें. कोर्टाबाहेर पडण्यापूर्वी दारू सोडल्याच्या प्रतिज्ञापत्रावर त्या इसमाची सही झाली.

तीन आठवड्यांनीं दोघेही कोर्टापुढें उभे राहिले, तेव्हां हाच तो दारुडा हें कोणास खरें वाटेना. न्यायाधीशांनीं तुरुंगाची शिक्षा न देतां एक सेंट दंड केला. कोर्टाचा खर्च धरून एकंदर रक्कम ३ डॉलर ७६ सेंट झाली. ती त्या माणसानें तेथल्या तेथें भरली व तो आपल्या वाटेनें गेला. आज जगांतील अनेक देशांत ‘प्रोबेशन’ या नांवानें जी न्यायव्यवस्था चालते, तिचा उगम या एका सेंटाच्या दंडांत आहे.

ऑगस्टस हा कायद्याचा पंडित नव्हता. १७८५ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वोबर्न गांवीं त्याचा जन्म झाला. प्रथम लेक्सिंग्टन येथें व नंतर बॉस्टनमध्यें त्यानें जोड्यांचा धंदा केला. त्याचें दुकान कोर्टाजवळच होतें आणि तो मद्यपाननिषेधक मंडळीचा सभासद होता. परंतु निव्वळ दयाळू माणूस म्हणून त्याची गणना करणें हें त्याच्यावर अन्याय करण्यासारखें होईल. त्याची दया डोळस होती. बांकावर बसलेल्या प्रत्येकाला तो जामीन राहत नसे. बहुधा पहिल्यानेंच गुन्हा केलेला माणूस तो निवडी. त्याचें वय काय, पूर्वीची वागणूक कशी, यापुढें कोणाच्या संगतींत तो राहणार, याची तो आधीं चौकशी करी. एकदां जामीन राहिल्यावर त्याला काम मिळवून देणें, मूल असल्यास शाळेंत घालणें, निवारा नसल्यास त्याची सोय लावणें आणि ठरल्या तारखेस त्याच्या वर्तनाचा निःपक्षपाती अहवाल कोर्टापुढें ठेवणें, हीं कामें तो स्वतः करी. प्रत्येकाची नोंद त्याच्या वहींत असे.

१८४३ सालीं त्यानें हें काम मुलांच्या बाबतींत सुरू केलें. चोरीच्या आरोपावरून आणलेल्या, आठ व दहा वर्षांच्या दोन मुली आणि अकरा वर्षांचा एक मुलगा, हीं त्याचीं पहिलीं मुलें. पुढें सात ते पंधरा वर्षांच्या १९ मुलांना तो एका वेळीं जामीन राहिला. दर महिन्याला त्यांचा खटला पुकारला जाई, ऑगस्टस उभा राहून त्यांची हकीकत सांगे आणि खटला पुढील महिन्यावर पडे. असे पांच-सहा महिने गेल्यावर मगच न्यायाधीश निकाल देत. मधल्या या कालावधीला ऑगस्टसनें ‘प्रोबेशन’ म्हणजे कसोटीचा काळ असें नांव दिलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ही कसोटी एकट्या आरोपीचीच नव्हती. जो त्याला जामीन राहिला, त्याचा पैसा आणि शब्द हे दोन्ही त्याच तराजूंत पडलेले होते.

अशा कामाला लोकांनीं धन्यवाद दिले असतील असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु कोर्टांतील कांहीं नोकरच त्याचे वैरी झाले. प्रत्येक आरोपी तुरुंगांत पोंचविल्याबद्दल शिपायाला व कारकुनाला कांहीं सेंट फी मिळत असे. आरोपी ऑगस्टसबरोबर घरीं गेला कीं ती फी बुडे. आरोपीला सोडविण्यापूर्वी त्याला ताटकळत ठेवणें, खटला त्याच्या नकळत पुकारणें, असे उपाय त्यांनीं योजले. इकडे जोड्यांचा धंदा बसत चालला. अखेर धंदा सोडून तो सर्वस्वीं या कामाला लागला आणि मित्रांच्या देणग्यांवर तें काम चालूं लागलें. १८५८ पर्यंत तो १,९४६ माणसांना जामीन राहिला. त्यांत १,१५२ पुरुष व ७९४ स्त्रिया होत्या. ज्या पहिल्या ११०० माणसांचा हिशेब त्यानें ठेवला, त्यांपैकीं जामिनाची रक्कम बुडविणारा एकच निघाला. १८५९ सालीं ऑगस्टस वारला, तेव्हां त्याच्या कामाच्या पाठीशीं कसलाही कायदा नव्हता.

कायदा झाला तो १८७८ सालीं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें बॉस्टनच्या मेयरास पगारी प्रोबेशन-अधिकारी नेमण्याचा अधिकार दिला. त्या जागेवर नेमलेले पहिले गृहस्थ एडवर्ड सॅव्हेज हे पूर्वी बॉस्टनच्या पोलीस दलाचे मुख्य होते. एक स्वयंसेवक चर्मकार आणि त्यानंतर एक पगारी पोलीस अंमलदार, या दोन माणसांतच प्रोबेशनचा पुढील सर्व इतिहास सांठवला आहे. हा अधिकारी गुन्हेगाराचा जामीन कीं त्याच्यावरचा पहारेकरी, हा प्रश्न तेव्हांच जन्मास आला. १८९१ च्या कायद्यानें नेमणुकीचा अधिकार मेयराकडून काढून न्यायाधीशांकडे दिला आणि अशी नेमणूक सक्तीची केली.

यानंतर या व्यवस्थेला काउंटीचें स्वरूप आलें. काउंटी म्हणजे अमेरिकन संस्थानाचा पोटविभाग, आपल्याकडील जिल्ह्यासारखा. व्हर्माँट संस्थानानें १८९८ सालीं काउंटीवार अधिकारी नेमण्याची पद्धत स्वीकारली. १८९९ सालीं शिकागो शहर ज्या कुक काउंटींत आहे, तेथें मुलांसाठीं स्वतंत्र न्यायालय निघालें. त्या कायद्यांत प्रोबेशन-अधिकाऱ्यांची तरतूद होती. मात्र त्यांना सरकारी खजिन्यांतून पगार द्यावयाचा नव्हता! शहरांतील महिलामंडळांनीं वर्गणी जमवून तो दिला. कॅलिफोर्नियांत १९०३ सालीं कायदा झाला आणि त्या संस्थानाच्या काउंट्यांतून प्रोबेशनचीं खातीं उभीं राहिलीं. सबंध राष्ट्राच्या संघीय न्यायालयांना मात्र हा अधिकार बराच उशिरां मिळाला. शिक्षा बेमुदत तहकूब ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाहीं, असा निर्णय तेथील सुप्रीम कोर्टानें १९१६ सालीं दिला. तेव्हां नवा कायदा करणें भाग पडलें आणि तो १९२५ सालीं प्रेसिडेंट कूलिज यांच्या सहीनें अमलांत आला.

अशा काउंटी खात्याचें काम कसें चालतें, हें पाहिलें असतां ऑगस्टसच्या वहीचीं पानें ओळखूं येतात. गुन्हा शाबीत झाला, पण शिक्षा अद्याप सुनावलेली नाहीं, अशा वेळीं अधिकारी आरोपीचें घर, शिक्षण, नोकरी, व्यसनें, पूर्वीचे गुन्हे यांची चौकशी करून न्यायाधीशाला लेखी अहवाल देतो. जिचें नुकसान झालें त्या व्यक्तीचें म्हणणेंही त्यांत येतें. न्यायाधीशानें प्रोबेशन दिल्यास अटी ठरतात: नेमल्या दिवशीं हजेरी द्यावी, नोकरी किंवा शिक्षण सोडूं नये, परवानगीवांचून राहतें ठिकाण बदलूं नये, नुकसानभरपाई द्यावी, व्यसनाधीन असल्यास उपचार घ्यावेत. अधिकारी घरीं भेट देतो, मालकाकडे चौकशी करतो आणि जरूर तेथें मादक द्रव्याची तपासणी करवितो. अट मोडल्यास तो कोर्टाला कळवितो आणि मग बाहेर राहण्याची ही सवलत जाऊं शकते. कॅलिफोर्नियांत अल्पवयीनांचीं अटकगृहें व छावण्याही काउंटीच्या याच खात्याकडे आहेत. एका अधिकाऱ्याकडे किती माणसें सोंपवावयाचीं हा नेहमींचा पेंच असतो. म्हणून पुन्हां गुन्हा करण्याचा संभव कोणाच्या बाबतींत अधिक आहे हें अजमावून त्याच्यावर अधिक लक्ष दिलें जातें. ज्याच्या बाबतींत हा संभव थोडा, त्याच्या मागें सारखें लागलें तर त्याची नोकरी व सत्संगतीच तुटून उलट अपाय होतो, असें संशोधकांना दिसून आलें आहे.

परंतु जामीनकीचा पहारा झाला म्हणजे काय होतें, हें १९६४ सालीं ॲरिझोना संस्थानांतील गीला काउंटींत दिसलें. जेराल्ड गॉल्ट हा पंधरा वर्षांचा मुलगा आधींच प्रोबेशनवर होता. शेजारणीला टेलिफोनवरून अश्लील बोलल्याचा त्याच्यावर आरोप आला. आईबाप कामावर असतांना, त्यांना न कळवितां त्याला पकडून नेण्यांत आलें. त्याची जबानी घेणारा, तो ज्या अटकगृहांत होता त्याचा मुख्य, आणि न्यायाधीशाकडे त्याच्याविरुद्ध अर्ज करणारा, हा सारा एकच इसम होता. आणि तो प्रोबेशन-अधिकारी होता. मुलाला वकील नव्हता. तक्रार करणारी बाई कोर्टांत आलीही नाहीं. याच गुन्ह्यास प्रौढ माणसाला फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. या मुलाला एकविसावें वर्ष पुरें होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षेंपर्यंत, संस्थानाच्या सुधारशाळेंत ठेवण्याचा हुकूम झाला. १९६७ सालीं सुप्रीम कोर्टानें हा हुकूम रद्द केला व मुलांनाही आरोपाची सूचना, वकील आणि साक्षीदाराची उलटतपासणी हे हक्क असल्याचें ठरविलें. १९७३ सालीं त्याच कोर्टानें प्रोबेशन रद्द करण्यापूर्वी सुनावणी झालीच पाहिजे असें सांगितलें. आणि १९८३ सालीं असा निर्णय दिला कीं, प्रामाणिक प्रयत्न करूनही केवळ दारिद्र्यामुळें ज्याला दंड भरतां आला नाहीं, त्याला दुसरा उपाय पाहिल्याखेरीज तुरुंगांत घालतां येणार नाहीं.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगावयास हवी. ऑगस्टसच्या काळीं माणूस तुरुंगांत गेला तर शिपायास फी मिळे. काउंटी पद्धतींत हाच दोष मोठ्या प्रमाणावर राहून गेला होता. गुन्हेगाराला घरीं ठेवून सुधारण्याचा खर्च काउंटीवर पडे, तर त्याला संस्थानाच्या तुरुंगांत धाडलें कीं तो खर्च संस्थानावर जाई. हें ओळखून कॅलिफोर्नियानें १९६५ सालीं निराळा कायदा केला. नेहमींच्या मानानें जितके गुन्हेगार काउंटी कमी पाठवील, त्या प्रत्येकामागें ४,००० डॉलरपर्यंत मदत तिला मिळावी, अशी ती योजना होती. २००९ सालीं याच तत्त्वावर दुसरा कायदा झाला. तुरुंगांतील भयंकर गर्दी कमी करण्याचा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०११ च्या मे महिन्यांत आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून, सौम्य गुन्ह्यांसाठीं तुरुंग भोगून सुटलेल्या अनेकांची देखरेखही काउंटी प्रोबेशन खात्यांकडे आली. १ जानेवारी २०२१ पासून तेथें बहुतेक किरकोळ गुन्ह्यांसाठीं प्रोबेशनची मुदत एक वर्ष व अधिक गंभीर गुन्ह्यांसाठीं दोन वर्षें अशी मर्यादित करण्यांत आली. त्याच वर्षीच्या जुलैपासून देखरेखीबद्दल खुद्द गुन्हेगाराकडून फी घेण्याची चालही बंद झाली. ज्याच्यावर नजर ठेवावयाची, त्याच्याकडूनच नजरेचें मोल घ्यावें, ही रीत इतकीं वर्षें टिकली हेंच नवल!

इंग्लंडांत या कामाचा उगम असाच साधा आहे. १८७६ सालीं फ्रेडरिक रेनर नांवाच्या एका मुद्रकानें पोलीस कोर्टांत दारुड्यांसाठीं कांहीं काम व्हावें म्हणून मद्यपाननिषेधक संस्थेकडे पांच शिलिंग पाठविले. पुढें १९०७ सालीं तेथें कायदा झाला. गुन्हेगाराला सल्ला द्यावा, साहाय्य करावें आणि त्याच्याशीं मैत्री ठेवावी, हें अधिकाऱ्याचें कर्तव्य म्हणून त्यांत घातलें होतें. हिंदुस्थानांत १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या ५६२ व्या कलमान्वयें प्रथम अपराध्याला चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडतां येत असे, पण त्याच्या पाठीशीं उभें राहणारें माणूस त्या कलमांत नव्हतें. ती उणीव मुंबई इलाख्यानें १९३८ च्या आपल्या कायद्यानें भरून काढण्यास आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं सबंध देशासाठीं अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यांत एकवीस वर्षांखालील अपराध्याला कैद द्यावयाची, तर तिचीं कारणें न्यायालयानें लिहून ठेवलीं पाहिजेत, असें हा कायदा म्हणतो. आणि त्यासाठीं परिवीक्षा-अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. म्हणजे जुन्या बॉस्टनमध्यें बूट शिवणारा कारागीर न्यायाधीशाला जें तोंडीं सांगत असे, तेंच आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीं कागदावर लिहून द्यावें लागतें.

खातें म्हटलें कीं नियम, तारखा व नोंदवह्या आल्याच. त्यांवांचून हजारों माणसांची व्यवस्था होणें नाहीं. परंतु जॉन ऑगस्टसच्या वहींत नोंदीच्या पलीकडे एक गोष्ट होती: आरोपी चुकला तर त्याच्याबरोबर आपलाही शब्द जाईल, ही जोखीम. ज्या अधिकाऱ्याला ती आपली वाटते, त्याच्या हातीं हा कायदा माणूस घडवितो. ज्याला ती वाटत नाहीं, त्याच्या हातीं तोच कायदा तुरुंगाचा दरवाजा थोडा लांब नेऊन बसवितो. १८४१ सालीं एका सेंटाचा दंड करणाऱ्या न्यायाधीशानें गुन्ह्याची किंमत कमी लेखली नव्हती. कोणीतरी जामीन राहिलें म्हणून माणूस सुधारूं शकतो, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि त्या पाहण्याची पावती म्हणून एक सेंट पुरेसा होता.