विद्यापीठ, तंत्रज्ञान आणि विश्वास : रायपूरचा धडा

विद्यापीठांच्या जनसंपर्काचा इतिहास या घटकात आपण एका प्रदेशाच्या आधारे पाहणार आहोत. रायपूरजवळ, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव आहे. समजा, तिथल्या एका कामगाराची मुलगी बारावीनंतर प्रवेश शोधते आहे. तिच्या घरातले कोणीही आजवर विद्यापीठाची पायरी चढलेले नाही. विद्यापीठ स्वतःबद्दल जे सांगते, त्यावरच तिला विसंबावे लागते. ते सांगणे खरे आहे का, हे तिने कसे ओळखावे?

१. उपग्रहाचा प्रयोग

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शन प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सामुदायिक संच बसवले गेले. तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यात होते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा प्रा. यश पाल होते. शेती, आरोग्य आणि शालेय शिक्षण यांवरचे कार्यक्रम थेट गावात पोहोचले. प्रेक्षकांना ते कितपत समजले, याचाही गावोगावी अभ्यास झाला.

याच वाटेने पुढे १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्चशिक्षणविषयक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. व्याख्यान वर्गाच्या भिंतींबाहेर पडले. १९८६ ते १९९१ या काळात प्रा. यश पाल याच आयोगाचे अध्यक्ष होते.

२. कागदावरची विद्यापीठे

छत्तीसगढ राज्य झाल्यावर २००२ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी कायदा करण्यात आला. राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ स्थापन होई. थोड्याच काळात अशी शंभराहून अधिक विद्यापीठे झाली. त्यांतील अनेकांकडे ना इमारत होती, ना ग्रंथालय, ना पुरेसे अध्यापक. 'विद्यापीठ' हे नाव मात्र होते, आणि प्रवेशासाठी धडपडणाऱ्या कुटुंबाला तेवढे नावही पुरेसे वाटू शकते.

प्रा. यश पाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने कायद्यातील कलम ५ व ६ घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे ही विद्यापीठे संपुष्टात आली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातील आधीच्या विद्यापीठांशी संलग्न करण्यासाठी शासनाने पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सुचवले.

लक्षात घ्या, रायपूर जिल्ह्यात ज्ञान पोहोचवणाऱ्या प्रयोगाचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीनेच तीस वर्षांनी तिथल्या पोकळ नावांविरुद्ध न्याय मागितला.

३. माहिती, जाहिरात आणि संवाद

ग्रुनिग आणि हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली. निव्वळ प्रसिद्धी हे पहिले, तर दोन्ही बाजूंनी समान संवाद हे चौथे. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि हा संवाद स्वस्त झाला. २००४ पासून अमेरिकेतील एमआयटीच्या प्रवेश विभागाने विद्यार्थ्यांनाच ब्लॉग लिहायला दिले. वसतिगृहातले जेवण, परीक्षेतले अपयश, एकटेपणा हे सारे माहितीपत्रकात येत नाही. ते तिथे आले.

भारतात माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक विद्यापीठांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून बीरगांवच्या मुलीला कळेल अशा भाषेत शुल्क, मान्यता आणि अध्यापकांची माहिती देणे हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे.

सारांश

तंत्रज्ञान संदेश दूरवर नेते, पण त्यात सत्य भरू शकत नाही. आकर्षक संकेतस्थळ आजही एका खोलीतून चालवता येते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाचे नाव अनुदान आयोगाच्या यादीत तपासा आणि तिथल्या आजी विद्यार्थ्यांशी बोला.

स्वाध्याय

१. 'साइट' प्रयोगात प्रेक्षकांचा अभ्यास का महत्त्वाचा होता?
२. तुमच्या विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहा. ग्रुनिग-हंट यांच्या कोणत्या प्रारूपात ते बसते? उदाहरणे द्या.