पुण्याची दुर्बीण कोडाईकनालच्या डोंगरावर

आमचं कारेगाव पर्जन्यछायेतलं. पाऊस हुकला की काय होतं, हे शिरूर-दौंडकडच्या माणसाला कुणी सांगायला नको. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं गेली. पुढं शास्त्रज्ञांना आणि सरकारला एका प्रश्नानं घेरलं. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात, घटतात. पाऊसही त्याच तालावर चालत असेल, तर दुष्काळाची चाहूल आधी लागेल का? या आशेचा मोठा वाटा होता म्हणूनच १८९९ मध्ये तमिळनाडूतल्या कोडाईकनालला, सुमारे २३४० मीटर उंचीवर, सौर वेधशाळा आली. तिथं हवा विरळ, धूळ कमी. सूर्याची प्रतिमा फारशी थरथरत नाही.

आपलं पुणं मात्र त्याआधीच कामाला लागलं होतं. सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांची देणगी आणि सरकारची मदत मिळवून १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. डब्लिनच्या ग्रबची वीस इंची परावर्ती दुर्बीण तिथं आली. त्या वेळी भारतात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सरंजाम घेऊन दौंडच्या पलीकडे, सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला गेले. त्याच दिवशी विदर्भातल्या तळणीला जॉन एव्हरशेड नावाचा इंग्रज हौशी निरीक्षक सूर्याचा वर्णपट टिपत होता. हाच एव्हरशेड पुढं कोडाईकनालला रुजू झाला आणि १९०९ मध्ये त्यानं दाखवून दिलं, की सूर्यडागाच्या कडेचा वायू बाहेरच्या दिशेनं वाहतो. आज जगभर त्याला ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणतात.

पुण्याचं काय झालं? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुण्यात सारं एका माणसाच्या खांद्यावर होतं, डोंगरावर सरकारी खातं होतं. फरक एवढाच, पण मला तो फार मोठा वाटतो. सूर्यडागांवरून पावसाचं भाकीत काही साधलं नाही. कोडाईकनालला मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतलेली सूर्याची छायाचित्रं आहेत, काचेच्या पट्ट्यांवरची. ती आता संगणकावर उतरवली आहेत. आपल्या दुर्बिणीला तिकडं ‘भावनगर दुर्बीण’ म्हणतात. पुण्याचं नाव त्यात नाही.