दोष पाण्याचा, बोल सुनेला

माझी आई लग्न होऊन गोदाकाठच्या गावातून माळावरच्या गावात आली. माहेरी नदीचं पाणी, सासरी विहिरीचं. पहिल्याच आठवड्यात तुरीची डाळ शिजेना. चूल दोन तास पेटली, तरी दाणा टणकच. आजी म्हणाली, ‘‘आईनं वरण शिजवायलाही शिकवलं नाही का गं?’’ पुढे साबणाला फेस येईना, धोतरं पिवळट दिसू लागली, तेव्हा ‘हिच्या हाताला जोरच नाही’ असंही ऐकावं लागलं. दोष आईच्या हाताचा नव्हता, विहिरीच्या पाण्याचा होता.

या पाण्याला शाळेत आपण ‘दुष्फेन’ म्हणायला शिकलो. ज्याचा फेस नीट होत नाही ते दुष्फेन. म्हणजे पाण्याची पारख साबणावरून! शास्त्रज्ञांनीही तेच केलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क बाटलीत पाणी घेऊन त्यात साबणाचं द्रावण थोडं थोडं घालत आणि बाटली हलवत. फेस टिकेपर्यंत जितकं द्रावण लागेल तितकं पाणी जड. १८४१ साली त्यांनी टेम्ससारख्या नद्यांचं पाणी मऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. ती कृती म्हणजे काट्यानं काटा काढणं. पाण्यात बेताचा चुना मिसळायचा, की आधीपासून विरघळलेला चुनाही त्याच्याबरोबर तळाशी बसतो.

पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. साबण आधी या क्षारांशी जुळतो, त्याचा चिकट साका होतो आणि तो कपड्यात बसतो. डाळीच्या दाण्यातलं पेक्टिनही कॅल्शियममुळे घट्ट होतं. क्षार बायकार्बोनेटचे असतील, तर उकळल्यावर खाली बसतात. पातेल्याच्या आतला पांढरा थर तो हाच. सल्फेट किंवा क्लोराइडचे असतील, तर उकळून उपयोग नाही. तिथे धुण्याचा सोडा लागतो.

मग साबण नव्हता तेव्हा काय होतं? रिठा आणि शिकेकाई. त्यांचा फेस सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा, तो कॅल्शियमला फारसा जुमानत नाही. पाणी तेव्हाही जडच होतं, पण धुण्याच्या वेळी ते असं अडवत नव्हतं.

१९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी बोअर घेतले गेले. काळ्या खडकात खोलवर दीर्घकाळ मुरलेलं पाणी वर आलं, तहान भागली, पण अनेक घरांत साबण हरला. तोवर दुसरा उपायही बाजारात आला होता. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांची निरमा पावडर. डिटर्जंटचा साबणासारखा साका होत नाही, म्हणून जड पाण्यातही कपडे निघतात.

आज शहरातल्या इमारतींतही नळाला बोअरचं पाणी येतं. घाबरून जाण्याचं कारण नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत काठिण्य योग्य मानलं आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. साबणानं कपडे धुणार असाल, तर आधी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा. नळाच्या तोटीवरचा थर लिंबानं किंवा व्हिनेगरनं निघतो. ‘आरओ’ यंत्र घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या, कारण ते यंत्र बरंच पाणी वाया घालवतं.

आईनं शेजारणीकडून युक्ती शिकून घेतली. पाणी रात्रीच उकळून ठेवायचं, सकाळी वरचं निवळ घ्यायचं आणि डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. वरण मऊ झालं. आजीनं आपली चूक कधी बोलून दाखवली नाही. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी सोड्याची पुडी तिनंच आणून डाळीच्या डब्याशेजारी ठेवली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)