जलसा नावाची शाळा

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात आम्ही दलित साहित्याची पूर्वपीठिका शिकवत होतो. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे ही नावे फळ्यावर लिहून झाली, वैशिष्ट्ये सांगून झाली. शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी तासभर गप्प होता. पुढे कळले की त्याचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवतात आणि त्याला शंभरावर गाणी तोंडपाठ आहेत. ‘सर, ते अभ्यासक्रमातलं नाही वाटलं,’ एवढेच तो म्हणाला. ते उत्तर आमच्या मनातून गेले नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासांत जलशाची नोंद बहुधा ‘प्रबोधनाचे साधन’ एवढ्यावर आटोपते. जलसा कोणाला आणि कसा शिकवत होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

नाटक आणि शाळा यांचे नाते जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच जोडले होते. ‘तृतीय रत्न’मधले फसवले गेलेले कुणबी जोडपे अखेरीस रात्रीच्या शाळेकडे वळते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच्या जलशांनी तमाशाचाच सांगाडा उचलला: गण, गौळण, बतावणी, वग. येथे थोडे थांबायला हवे. समोरच्या शेतकऱ्याला तमाशाचा क्रम पाठ होता. गण म्हणजे गणपतीचे स्तवन, हे त्याला सांगावे लागत नव्हते. त्यामुळे गणात गणपतीच्या जागी निर्मिक आला किंवा गौळणीची थट्टा भटशाहीवर उलटली की तो बदल त्याला तत्क्षणी जाणवे. परिचित रूपबंध मोडला की अर्थ कसा बदलतो, हे आम्ही आज विडंबनावरच्या व्याख्यानात सांगतो आणि निम्म्या वर्गाला ते कळत नाही. तेथे ते एकही संज्ञा न वापरता कळत होते.

महाडचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. याच धामधुमीत नाशिक परिसरात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. चळवळीतली घडामोड, शिक्षणाचा आग्रह, मृत जनावरांचे मांस सोडण्याची हाक हे सारे ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने वस्त्यांवर पोचले. आमच्या मते या शाळेचा पहिला विद्यार्थी श्रोता नव्हे, कलावंतच होता. सवालजबाब रंगवायचा तर दोन्ही बाजू पाठ हव्यात. सनातन्याची भूमिका करणाऱ्याला त्याचा युक्तिवादही नीट मांडता यायला हवा. तालीम हाच तेथला अभ्यास होता.

वामनदादा कर्डकांना (जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी) शाळा मिळाली नाही. अक्षरे त्यांनी मुंबईत, तरुणपणी गिरवली आणि पुढे २००४ पर्यंतच्या आयुष्यात हजारो गीते रचली. त्यांची घडण वाङ्मयीन शिक्षणाच्या कोणत्या रकान्यात बसवायची? आम्हाला तो रकाना सापडलेला नाही.

अर्थात या शाळेचे उणेपणही होते. स्त्रीशिक्षणाचा कैवार घेणाऱ्या जलशांत स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच रंगवीत. शिवाय प्रचाराच्या घाईत काही रचना घोषणेपलीकडे जात नाहीत. श्रद्धेपोटी हे झाकून ठेवणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्यात वडिलांची वही आणली. शाळकरी, रेघांची, कडा झिजलेली. प्रत्येक गीताच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या चित्रपटगीताचे नाव लिहिलेले होते. आम्ही त्यातले एक गीत वाचायला घेतले, तर त्याने थांबवले. ‘वाचून नाही कळणार, सर,’ म्हणाला, आणि बाकावर ठेका धरला.