तयार पिठाचा डबा: आधी कारखाना, मग घर

अमेरिकेतल्या अनेक स्वयंपाकघरांत तयार पिठाचा एक डबा असतो. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, थोडी साखर आणि रवाळ होईपर्यंत चोळलेले मोहन, एवढेच त्यात असते. संध्याकाळी दोन वाट्या पीठ काढून दुधात भिजवले की बिस्किटे भट्टीत जातात. (तिथली बिस्किटे चहात बुडवायची नव्हेत, ती मऊ असतात आणि जेवणात गरम गरम खातात.) दूध वाढवून अंडे फेटून घातले की पॅनकेक होतात, साखर वाढवली की मफिन. या डब्याबद्दल सर्वसाधारण समज असा, की ही आजीच्या काळातली घरगुती युक्ती होती आणि कंपन्यांनी ती खोक्यात भरून विकली. पुरावा पाहिला तर क्रम उलटा दिसतो. हे पीठ टिकाऊ झाले ते प्रयोगशाळेत आणि कारखान्यात. घरी ते नंतर आले. आणि म्हणूनच घरच्या डब्याचे मोल मला जास्त वाटते.

पीठ फुगवण्याचे जुने मार्ग साठवणीचे नव्हतेच. यीस्ट जिवंत असते, त्याला ऊब आणि वेळ लागतो. फेटलेल्या अंड्यात कोंडलेली हवा फार वेळ थांबत नाही. खायच्या सोड्याला ताकासारखी आंबट जोड हवी, आणि ताकाचा आंबटपणा रोज बदलतो. सोड्याशेजारी कोरडेच आम्ल ठेवायचे आणि पाणी पडेपर्यंत त्यांची गाठ पडू द्यायची नाही, हा खरा शोध. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी त्यांनी १८४३ मध्ये अशी पावडर केली. दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, ब्रिस्टलचे बेकर हेन्री जोन्स यांनी तीच करामत थेट पिठात उतरवून आपोआप फुगणाऱ्या पिठाचे पेटंट घेतले. त्यांना हे पीठ ब्रिटिश नौदलाच्या गळी उतरवायचे होते, कारण खलाशांच्या वाट्याला दगडासारखी सुकी बिस्किटे येत. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी हाडांपासून मिळणाऱ्या आम्लधर्मी कॅल्शियम फॉस्फेटचे पेटंट १८५६ मध्ये घेतले, आणि पुढे पावडरीत मक्याचा स्टार्च आला, जो हवेतली ओल स्वतः शोषून घेतो. हे सगळे होण्याआधी घरात कुणी असे पीठ महिनाभर ठेवू म्हटले असते, तरी ते जमले नसते.

राहिला प्रश्न मोहनाचा. चरबी किंवा लोणी चोळलेले पीठ उघड्यावर खवट होते. बिस्क्विक या पिठाची कथा इथेच सुरू होते. जनरल मिल्स कंपनीचे विक्री-अधिकारी कार्ल स्मिथ १९३० मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला चालले होते. उशिरा जेवायला बसूनही त्यांच्यापुढे क्षणात ताजी बिस्किटे आली. मैदा, डुकराची चरबी, बेकिंग पावडर आणि मीठ आधीच एकत्र करून बर्फाच्या पेटीत ठेवतो, असे आचाऱ्याने त्यांना सांगितले. कंपनीचे रसायनज्ञ चार्ली क्रेस यांनी मोहन खवट न होण्याचा मार्ग शोधला आणि १९३१ मध्ये बिस्क्विक बाजारात आले. यावर कुणी म्हणेल, की मग मूळ आचाऱ्याचेच ठरले! कल्पनेपुरते ते मलाही मान्य आहे. कंपनीच्या कथेत विक्री-अधिकाऱ्याला नाव आहे आणि आचाऱ्याला नाही, हा सरळ अन्याय आहे. पण त्याचे पीठ बर्फाच्या आधारावर तगत होते, आणि त्यातली बेकिंग पावडरही कारखान्यातलीच होती.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा, आणि तो अधिक वजनदार आहे. कोरडे पीठ आधीच करून ठेवणे ही काय नवलाई? थालीपिठाची भाजणी महाराष्ट्रात घरोघरी केली जाते, आणि तिला कुठल्या रसायनज्ञाची गरज पडली नाही. हे खरेच आहे. पण भाजणीचे टिकणे वेगळ्या तत्त्वावर उभे आहे. धान्य आणि डाळी भाजल्या की त्यांतली ओल जाते आणि खमंगपणा येतो. तेल लागते ते थापताना आणि तव्यावर. तिला फुगायचे नसते, त्यामुळे डब्यात वाया जाण्यासारखी ताकदही तिच्यात नसते. बेकिंगच्या पिठात मात्र सोडा आणि आम्ल ओलीची वाट पाहत शेजारी शेजारी असतात, आणि वर मोहनही असते. भाजणी जुनी आहे म्हणून हेही जुने असणार, असे म्हणता येत नाही.

घरचा डबा ठळकपणे दिसतो तो १९४० च्या दशकात, आणि तोही आजीच्या वहीत नव्हे, तर इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘मास्टर मिक्स’मध्ये. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांवर शेतकरी कुटुंबांना घरबसल्या शिक्षण पोहोचवण्याची जबाबदारी टाकली होती. गृहविज्ञान हा त्याचाच भाग. मास्टर मिक्सचे प्रमाण सरळ होते: नऊ कप चाळलेला मैदा, एक तृतीयांश कप बेकिंग पावडर, एक मोठा चमचा मीठ, एक छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर, पाव कप साखर आणि दोन कप वनस्पती तुपासारखे घट्ट स्निग्ध, जे फ्रीजबाहेर टिकते. असे स्निग्ध क्रिस्कोच्या रूपाने १९११ पासून दुकानात मिळत होतेच. म्हणजे पावडर कारखान्याची, मोहन कारखान्याचे, आणि नमुनाही बाजारात मांडलेला. विद्यापीठातल्या स्त्रियांनी जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम वाटते: खोक्यातले ज्ञान त्यांनी मापासकट गृहिणीच्या हाती दिले. मीठ किती, साखर किती, हे आता ती ठरवू शकत होती.

त्या प्रमाणातले एक माप मात्र आज जसेच्या तसे घेऊ नये. त्या काळच्या घट्ट स्निग्धात ट्रान्स फॅट असे. अमेरिकेने अंशतः हायड्रोजनीकृत तेलांविरुद्धचा निर्णय २०१५ मध्ये घेतला आणि तो २०१८ पासून लागू होऊ लागला. भारतात २०२२ पासून तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. लोणी चोळून पीठ केले तर ते फ्रीजमध्येच ठेवावे. कोकणासारख्या दमट हवेत मोहन न घालता कोरडेच मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि तेल किंवा लोणी भिजवताना घालावे. पावडर जुनी वाटली तर चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती जोमाने फसफसली नाही, तर त्या पावडरीने पीठ फुगणार नाही.